पुण्यात बिऱ्हाड हलवताय? घराआधी शाळा बघा

पुण्याला बदली झाल्याचं कळलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "फ्लॅट कुठे बघायचा?" आमच्याकडेही तोच निघाला. लातूरहून निघायच्या आधीच आम्ही खराडीला घर ठरवलं, डिपॉझिट भरलं, अकरा महिन्यांचा करार केला आणि सामान लावून झाल्यावर मुलीसाठी शाळा शोधायला बाहेर पडलो. जवळच्या दोन शाळांत चौथीला जागा नव्हती. तिसऱ्या शाळेत होती, पण फी ऐकून आम्ही पाणी पिऊन परत आलो. शेवटी जी मिळाली ती नदीपलीकडे, मुंढव्याच्या बाजूला. वर्षभर पोरगी सकाळी सव्वासहाला व्हॅनवाल्या काकांच्या गाडीत डुलक्या घेत बसायची.

तेव्हापासून गावाकडचं कुणी पुण्याला यायचं म्हटलं की मला फोन येतो, आणि मी प्रत्येकाला एकच क्रम सांगतो: आधी मुलाची इयत्ता बघा, मग जुन्या गावातली कागदपत्रं, मग शाळा, आणि घर सगळ्यात शेवटी. तोच क्रम इथे जरा सविस्तर लिहितो. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नियम बहुतेक राज्यभराचे असल्यामुळे नाशिक-नागपूरला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

मूल कितवीत आहे?

हलवायचं की नाही आणि कधी, हे यावरच ठरतं.

नर्सरी किंवा पहिलीत घालायचं असेल तर वयाची तारीख बघा. महाराष्ट्रात प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण लागतात. केंद्रीय विद्यालयात हीच मोजणी ३१ मार्चला होते. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल एकीकडे पहिलीत बसतं आणि दुसरीकडे त्याला वर्षभर थांबावं लागतं. दोन्हीकडे अर्ज करणारे पालक इथेच फसतात.

दुसरी ते आठवी हा हलवायला सगळ्यात सोपा काळ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा आईबापांची मुलाखत घ्यायला त्यात बंदी आहे. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत जाताना जुना दाखला यायला उशीर झाला, तरी तेवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेचं मात्र वेगळं. तिथे जागा असेल तर आहे, नसेल तर नाही. "जरा बोलून बघतो" या वाक्याला पुढे बरेच पैसे लागतात.

नववी-दहावीत शक्यतो हलू नका. सीबीएसईत मुलाची बोर्डाकडे नोंदणी नववीतच होते. थेट दहावीत प्रवेश हवा तर बदलीचा आदेश, मंडळाची परवानगी असं सगळं जमवावं लागतं. राज्य मंडळाच्या शाळाही दहावीत नवं मूल घ्यायला नाखूष असतात, कारण निकालाची टक्केवारी त्यांच्या फलकावर लागते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण बदलीच्या धांदलीत नीट शिकणाऱ्या मुलाला त्या वाटेने नेण्यात अर्थ नाही. एक वर्ष आईने किंवा आजीने मुलाबरोबर मागे राहावं, हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलं आहे आणि त्यात चूक काही नाही.

अकरावी-बारावीचंही तसंच. एकदा अकरावीला नाव लागलं की मधूनच कॉलेज बदलणं कटकटीचं होतं. आमचा मुलगा तेव्हा नुकताच दहावी झालेला. नातेवाईक म्हणाले, "पुण्याला चाललाय तर पुण्यात घाला." पण सगळ्या महाराष्ट्रातली पोरं अकरावी-बारावीसाठी लातूरला येत असताना आपण तिथून उचलून पुण्याच्या गर्दीत का टाकायचं? तो मामाकडे राहिला. त्याचा पुढे एक परिणाम झाला, तो शेवटी सांगतो.

टेम्पो भरण्याआधी

या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगतो. पुण्यातली शाळा उद्याही बघता येईल. जुन्या गावातल्या कार्यालयात पुन्हा जायचं तर रजा, एसटी आणि "साहेब आज नाहीत" असा तिहेरी खर्च आहे.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना घाई करू नका. आधी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात कशी लिहिली आहे ते स्वतः बघा. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमच्या मुलीच्या नावातला शेवटचा काना रजिस्टरमध्ये नव्हता. आधारवर होता. मूल पटावर असेपर्यंत अशी दुरुस्ती त्या मानाने सुटते. दाखला हातात पडून नाव पटावरून कमी झालं की तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाते. एका कान्यासाठी मी दोनदा लातूरला गेलो. पहिल्या खेपेला क्लार्कबाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या.

दाखल्याबरोबर शेवटच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तक, आधारची प्रत आणि मुलाचा पेन क्रमांक घ्या. पेन म्हणजे यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा कायमचा शैक्षणिक क्रमांक. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) निघाला असेल तर तोही. हल्ली प्रवेशाचा निम्मा कारभार कागदावर आणि निम्मा ऑनलाइन असतो. जुन्या शाळेने मुलाला पोर्टलवर 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकलं नाही, तर नव्या शाळेला ते तिच्या पटावर घेता येत नाही. मूल वर्गात बसतं, डबा खातं, सहलीला जातं, पण पोर्टलवर जुन्याच गावात राहतं. दाखला घेताना क्लार्कला एवढंच विचारा: "ड्रॉपबॉक्सला टाकलं का?" आणि त्यांचा मोबाइल नंबर लिहून घ्या. तो नंबर पुढच्या महिनाभरात किमान तीनदा लागतो.

दुसऱ्या राज्यातून, म्हणजे इंदूर, बंगळूर, हैदराबादहून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा. सीबीएसईतून सीबीएसईत जाताना हल्ली सहसा विचारत नाहीत, पण राज्य मंडळाच्या शाळेत विचारतील. दहावी किंवा बारावी दुसऱ्या मंडळातून झाली असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. परदेशातून बारावीच्या बरोबरीचं शिक्षण घेऊन येणाऱ्या मुलाला इथे पदवीला जाताना समकक्षता प्रमाणपत्र लागतं. ते आल्यावर बघू असं म्हणू नका. अर्ज तिथूनच टाका.

आता जातीचा दाखला. यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पुण्यात राहायला आलात म्हणून दाखला पुण्यातून निघत नाही. तुमचं कुटुंब ठरलेल्या तारखेला जिथे राहत होतं त्या मूळ गावाच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडून तो निघतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पणजोबांचा शाळेचा उतारा, जुना सातबारा, कोतवाल बुकातली नोंद, हे पुरावे गावातच असतात. गाव सोडण्याआधी काढून ठेवा. जात पडताळणीही मूळ जिल्ह्याच्या समितीकडे होते आणि बारावीनंतर ती लागतेच. दुसऱ्या राज्यातून नव्याने आलेल्यांना तिथल्या दाखल्यावर महाराष्ट्रातलं आरक्षण मिळत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

बोर्ड आणि माध्यम

यावर पालकांच्या ग्रुपवर रोज महाभारत चालतं. माझं मत थोडक्यात. नोकरी फिरतीची असेल, दोन-तीन वर्षांनी राज्याबाहेर जायची शक्यता असेल, तर सीबीएसई. पुण्यात मुक्काम टाकायचा असेल तर राज्य मंडळ वाईट नाही, आणि पुण्यात तर त्याचं माहेरघरच आहे. राज्य मंडळाचं मुख्य कार्यालय इथे, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. आयसीएसईचं इंग्रजी चांगलं असतं, शाळा मोजक्या आणि फी भरपूर. आयबी-आयजीसीएसईबद्दल ज्यांना सल्ला हवा असतो त्यांना माझा सल्ला लागत नाही.

बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या मराठी घरांना एक गोष्ट माहीत नसते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. बंगळूरहून येणारं मूल घरी फाडफाड मराठी बोलतं आणि वर्गात 'ज्ञ' बघून गप्प बसतं. सुट्टीत आजीकडे बसवून दोन महिने बाराखडी आणि जोडाक्षरं करून घ्या.

मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी 'सेमी' ही पुण्यातली फार सोयीची वाट आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. फक्त सेमी कितवीपासून सुरू होतं ते विचारा. कुठे पहिलीपासून, कुठे पाचवीपासून, कुठे आठवीला. सातवीतलं मूल अचानक पहिलीपासून सेमी असलेल्या वर्गात बसवलंत तर सुरुवातीची एक चाचणी वाईट जाणार, हे धरूनच चाला. दिवाळीनंतर रुळतात. इंग्रजी माध्यमातच घालायला हवं हा आग्रह चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलाबाबत तरी सोडावा असं मला वाटतं.

शाळा शोधताना

पुण्यात जुन्या संस्थांच्या शाळा शहराच्या पोटात आहेत. न्यू इंग्लिश स्कूल १८८० ची, आणि हुजूरपागाही त्याच दशकातली. पेठा, डेक्कन, कोथरूड, कर्वे रस्ता या पट्ट्यात अनुदानित शाळा दाट. तिथे फी कमी, शिक्षक अनुभवी, वर्गात पोरं जास्त आणि मैदान मध्ये-मध्ये गाड्यांनी भरलेलं. वाकड, बाणेर, हिंजवडी, वाघोली, खराडी या नव्या भागांत उलट चित्र. शाळा चकचकीत, खासगी, बहुतेक सीबीएसई आणि फी वर्षागणिक वाढती. महापालिकेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत घेतली. त्यामुळे काही ठिकाणी शाळा महापालिकेची की जिल्हा परिषदेची, हे शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही. महापालिकेच्या शाळांकडे नाक मुरडून बघू नका. मराठीबरोबर इंग्रजी, उर्दू, कन्नड माध्यमाच्याही आहेत आणि काहींचे मुख्याध्यापक खासगीवाल्यांना लाजवतील असं काम करतात. एकदा जाऊन बघायला पैसे पडत नाहीत.

नव्या भागात फलक वाचताना सावध राहा. 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बहुधा 'सीबीएसईची संलग्नता नाही' असाच निघतो. पुस्तकं त्या मंडळाची वापरतात, इतकंच. मूल नववीत गेलं की नोंदणी दुसऱ्याच शाळेतून करायची वेळ येते, आणि ती शाळा कुठली हे पालकांना आयत्या वेळी कळतं. म्हणून शाळेकडून दोन आकडे मागून घ्या: मंडळाचा संलग्नता क्रमांक आणि ११ अंकी यूडायस क्रमांक. महाराष्ट्रातल्या शाळेचा यूडायस २७ ने सुरू होतो. दोन्ही आकडे सरकारी संकेतस्थळावर टाकून शाळेचं नाव, पत्ता आणि कितवीपर्यंत मान्यता आहे ते बघा. शिक्षण विभाग दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही चाळा. आकडे द्यायला कुणी आढेवेढे घेतले तर तिथला चहा न घेता उठा.

फीचं विचारताना "वर्षाची फी किती?" एवढंच विचारू नका. प्रवेश शुल्क, टर्म फी, ॲक्टिव्हिटी, बस, गणवेश, पुस्तकांचा संच, सहल असं सगळं धरून पहिल्या वर्षी खिशातून किती जाणार ते लिहून घ्या. डोनेशनला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. त्यानुसार फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. म्हणून "समितीने मंजूर केलेला फीचा तक्ता दाखवता का?" हा प्रश्न सभ्य आवाजात विचारा. तो ऐकून ऑफिसातल्या माणसाचा चेहरा कसा होतो त्यावरून शाळेबद्दल बरंच कळतं. पावती नसलेला रुपया देऊ नका.

शाळा बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. शाळा सुटायच्या वेळी फाटकाजवळ पंधरा मिनिटं उभं राहा आणि बाहेर थांबलेल्या आयांशी बोला. मुलींचं स्वच्छतागृह बघायला मागा. वर्ग सकाळच्या अधिवेशनाला आहे की दुपारच्या, हे विचारा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश २०२४ मध्ये निघाला, पण दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांत प्रत्यक्ष वेळ काय आहे ते तिथेच कळतं. बसमध्ये महिला सहायक आहे का आणि शाळेची परिवहन समिती आहे का, हेही.

वेळापत्रकाचं एक. खासगी सीबीएसई शाळांचे प्रवेश दिवाळीच्या आसपासच सुरू होतात आणि वर्ग एप्रिलमध्ये. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मे महिन्यात बदली झाली तर राज्य मंडळाच्या शाळेत जागा मिळण्याची शक्यता जास्त.

पंचवीस टक्क्यांच्या जागा

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या, जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, म्हणजे ती शाळा नर्सरीपासून असेल तर नर्सरीला, नाहीतर पहिलीला. मूल तिसरीत असेल तर ही वाट बंद. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. वंचित घटकांना, म्हणजे मागासवर्गीय, दिव्यांग वगैरे, उत्पन्नाची अट नाही पण दाखला हवा. लॉटरीने नंबर लागला की आठवीपर्यंत फी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. म्हणजे खासगी शाळा पुन्हा यादीत आल्या. नव्याने आलेल्यांची अडचण वेगळीच असते: रहिवासाचा पुरावा. घर ते शाळा अंतर नकाशावर मोजलं जातं, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते, आणि भाड्याच्या घराचा करार नोंदणीकृत लागतो. घरमालक "नोटरी करून टाकू" म्हणाला तर ऐकू नका. अर्जाच्या तारखा गेली काही वर्षं मागेपुढे होतात, त्यामुळे डिसेंबरपासूनच पोर्टलवर लक्ष ठेवा.

अकरावी

पुण्या-पिंपरीत अकरावीचे प्रवेश कित्येक वर्षं केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने व्हायचे. २०२५-२६ पासून ती पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली. लातूर, जळगावकडच्या पालकांना "कॉलेजात जाऊन सरांना भेटतो" ही सवय असते. ती इथे उपयोगी नाही.

फॉर्मचे दोन भाग. भाग एकमध्ये मुलाची माहिती आणि कागदपत्रं, भाग दोनमध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम. जास्तीत जास्त दहा. घोळ होतो तो पसंतीक्रमात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून नुसतं नावाजलेलं म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकू नका. फर्ग्युसन (१८८५) किंवा स. प. (१९१६) मध्ये मुलाने जावं असं प्रत्येक बापाला वाटतं. पण वाघोलीत राहून रोज डेक्कन गाठायचं का, हे फॉर्म भरण्याआधी ठरवा. वनाझ-रामवाडी मेट्रोने हे थोडं सोपं केलं आहे. एका स्टेशनचं तर नावच 'गरवारे कॉलेज' आहे. मेट्रोच्या रेषेवर घर असेल तर कॉलेजांची यादी आपोआप लांबते.

मागच्या वर्षीचे कट-ऑफ घेऊन बसा. चार कॉलेजं मुलाच्या टक्क्यांपेक्षा जरा वरची, चार आसपासची, दोन खात्रीची. पोर्टलवर एकाच कॉलेजचे दोन-तीन कोड दिसतात, कारण अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्या वेगळ्या असतात. इमारत तीच, शिक्षकही बऱ्याचदा तेच, फी मात्र कितीतरी वेगळी. कोड नीट वाचून टाका. आमच्या ओळखीतल्या एकाने अनुदानित समजून दुसराच कोड भरला आणि निकाल लागल्यावर कर्ज काढलं.

इनहाउस कोटा १० टक्के, व्यवस्थापनाचा ५ टक्के, अल्पसंख्याक संस्थांत ५० टक्के जागा त्या समाजाला. तुमचं मूल पुण्यातल्या शाळेत दहावीला असेल आणि त्याच संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय असेल तर इनहाउसचा फायदा मिळू शकतो. शाळा निवडताना एवढा लांबचा विचार कुणी करत नाही, पण करायला हरकत नाही.

विज्ञानाला जाणाऱ्यांनी 'बायफोकल'ची चौकशी करावी. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्याऐवजी संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा विषय घेता येतो. जागा मोजक्या असतात.

आणि 'इंटिग्रेटेड'. म्हणजे नाव एका कॉलेजच्या पटावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. सगळेच वाईट असतात असं नाही. पण प्रयोगशाळा कुठे, प्रात्यक्षिकं कोण घेणार, ७५ टक्के उपस्थितीचं काय, या तीन प्रश्नांची उत्तरं क्लासवाल्याकडून नको, कॉलेजकडून घ्या.

दहावीनंतर डिप्लोमा किंवा आयटीआय करायचं असेल तर त्यांची ऑनलाइन प्रक्रिया अकरावीपेक्षा वेगळी आहे, निकालानंतर लगेच सुरू होते आणि दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकता येतो. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलांना चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत काम मिळतं, हे आपल्या गावाकडे कुणी सांगत नाही.

बारावीनंतर

इथे डोमिसाईल, म्हणजे राज्यातल्या रहिवासाचा दाखला, आडवं येतं. ते महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतं. वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाईलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसारखे काही अपवाद सोडले तर ही अट कडक आहे. बंगळूरमध्ये असलेल्या आणि मुलाला डॉक्टर करायचं मनात असलेल्या मराठी कुटुंबाने परत यायचंच असेल तर दहावीच्या आधी, म्हणजे आठवी संपताना यावं. बारावीला येऊन काही उपयोग नाही.

अभियांत्रिकीत नियम थोडे सैल आहेत. मुलाचं किंवा आईवडिलांचं डोमिसाईल महाराष्ट्राचं असेल तर राज्याच्या उमेदवारांत गणती होऊ शकते. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठीही वेगळा प्रकार आहे. पण 'होम युनिव्हर्सिटी' हा शब्द ध्यानात ठेवा. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली ते तुमचं होम विद्यापीठ, आणि संलग्न कॉलेजांतल्या बऱ्याच जागा त्याप्रमाणे वाटल्या जातात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. आमचा मुलगा मामाकडे राहून लातुरातून बारावी झाला, आम्ही दोन वर्षं पुण्याचे रहिवासी, घराचं लाइट बिल पुण्याचं, आणि कागदावर तो नांदेडच्या विद्यापीठाचा. पुण्यातल्या जागांसाठी तो बाहेरचा ठरला. हे आम्हाला पसंतीक्रम भरायच्या आदल्या रात्री कळलं. तरी त्याला लातूरला ठेवल्याचा पश्चात्ताप नाही, कारण गुण तिथेच मिळाले. पण माहीत असतं तर यादी वेगळी केली असती.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे प्रवेश कॉलेजं स्वतः देतात, काही स्वायत्त कॉलेजं परीक्षाही घेतात. बीबीए-बीसीएला मात्र २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. बारावीच्या निकालानंतर बघू म्हणणाऱ्यांचा अर्ज तोवर हुकलेला असतो. मुलींसाठी एक मोठी सवलत आहे. २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर इतर मागासवर्गीय (इमाव), आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस) आणि सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश सरकारी फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. सगळं कुटुंब न हलवता फक्त मुलाला पाठवायचं असेल तर समाजकल्याणची वसतिगृहं, आणि ग्रामीण मुलांसाठी १९५५ पासून चालणारी विद्यार्थी सहाय्यक समिती, यांचे अर्ज खोली बघण्याआधी टाका.

आणि आता घर

शाळा ठरली, जागा मिळाल्याची पावती हातात आली, की मग एजंटला फोन करा. घर पसंत पडलं तरी टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा गाडीवर जा, आणि दुपारी सुटायच्या वेळेला परत या. रविवारी केलेल्या फेरीवर विश्वास ठेवू नका. करार नोंदणीकृत करा, त्यावरून मुलाच्या आधारवरचा पत्ता बदलून घ्या.

आमचा खराडीचा करार संपला तेव्हा आम्ही मुंढव्याला, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर घर घेतलं. एक खोली कमी, भाडं पाचशेनं जास्त. पहिल्या दिवशी पोरगी सवयीने साडेपाचला उठून बसली आणि व्हॅन आली नाही म्हणून रडायला लागली.